दोन पानांचा कामकाजाचा अहवाल कसा मांडावा? (काजू युनिट, वेंगुर्ला तालुका)

कुडाळकरीण

नमस्कार मंडळी. माहेर कुडाळ, सासर वेंगुर्ला तालुक्यात. इथे काही बचतगटांनी मिळून छोटं काजू प्रक्रिया युनिट चालवलंय. खरेदीच्या पावत्या, हजेरी, हिशेब सगळं माझ्याकडे. इतके दिवस कमिटीपुढे तोंडी सांगून भागत होतं. आता कमिटीत नवीन सभासद आल्यात आणि बँकेचे साहेबही मधून मधून कागद मागतात. त्यामुळे ठरलंय की लेखी अहवाल द्यायचा, दोन पानांच्या वर जायचं नाही.

पहिला मसुदा लिहिलाय. सुरुवात अशी आहे:

"महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, आपल्या केंद्रामार्फत चालू हंगामात फेब्रुवारी महिन्यापासून काजू बी खरेदीस प्रारंभ करण्यात आला असून मे अखेरपर्यंत एकूण ४०,००० किलो बी सरासरी रु. १३५ प्रति किलो दराने खरेदी करण्यात आली आहे. सदर बी वाळविल्यानंतर २,००० किलो घट आली असून त्यापैकी १६,००० किलो बीवर प्रक्रिया करण्यात येऊन ४,००० किलो गर प्राप्त झाला आहे. तसेच एप्रिल महिन्यात बॉयलरची दुरुस्ती करण्यात आली. तसेच कामगार महिलांची हजेरी समाधानकारक आहे. तसेच शिल्लक बी ठेवण्यास गोदामात जागा अपुरी पडत असल्याने भाड्याचे गोदाम घेण्याबाबत योग्य तो निर्णय व्हावा, ही विनंती."

पुढे दीड पान असंच आहे. माहितीसाठी सांगते, आमच्या गोदामात ८० किलोची १७५ पोती मावतात. बाकीची सध्या कटिंगच्या शेडमध्ये थप्पी लावून ठेवलीत. भाड्याच्या गोदामाला महिना १८,००० पडतील, मालक सहा महिन्यांचं बोलतोय.

फॉन्ट कुठला, समास किती, तक्ता कुठे टाकायचा, मथळे किती, अंक मराठी की इंग्रजी, सगळंच विचारायचंय.

सड्यावरचा

ताई, पयलो परिच्छेद वाचून होयसर माझी चाय थंड झाली. गोदामाचा काय ता शेवटच्या वळीत गावला!

खाडीपलीकडे

सड्यावरच्यांनी मस्करीत नेमकं तेच सांगितलं.

कुडाळकरीण ताई, मी सहकारी बँकेत कर्ज विभागात होतो, आता निवृत्त. आयुष्यभर लोकांचे अहवाल वाचले म्हणून सांगतो. वाचणारा कागद हातात घेतो तेव्हा त्याला एकच हवं असतं: यात मी काय करायचंय? सही करायची, पैसे द्यायचे, हो म्हणायचं की नुसतं माहितीसाठी आहे? तुमच्या मसुद्यात ते तिसऱ्या 'तसेच' नंतर येतं. तोवर कमिटीतल्या निम्म्या बायका फोन बघायला लागलेल्या असतात.

फॉन्ट, समास वगैरे नंतर. आधी पहिलं अर्धं पान बघू. आकडे सगळे तुमचेच:

काजू बी: हंगाम अहवाल, १ फेब्रुवारी ते ३१ मे
प्रति: व्यवस्थापन कमिटी
सादर करणार: हिशेबनीस
दिनांक: २ जून
निर्णय हवा: भाड्याचं गोदाम घ्यायचं का? मृग ७ जूनला लागतो, त्याआधी.

थोडक्यात: वाळलेली २२,००० किलो बी (२७५ पोती) शिल्लक आहे. आपल्या गोदामात १४,००० किलो (१७५ पोती) मावतात. उरलेली ८,००० किलो (१०० पोती) शेडमध्ये आहेत. खरेदीच्या भावाने हा माल साधारण ११ लाख ३७ हजारांचा आहे. पावसात शेडमध्ये ओल येते आणि बीला बुरशी धरते. भाड्याचं गोदाम महिना १८,००० ला मिळतंय, सहा महिन्यांचे १,०८,००० होतात. शिफारस: घ्यावं.

| बाब | किलो |
| खरेदी (ओली बी) | ४०,००० |
| वाळवणीतली घट | २,००० |
| वाळलेली बी | ३८,००० |
| ३१ मेपर्यंत प्रक्रिया झाली | १६,००० |
| शिल्लक | २२,००० |

११ लाख ३७ हजार कुठून आले ते तक्त्याखाली बारीक अक्षरात लिहा: एकूण खरेदी ५४ लाख भागिले ३८,००० किलो, म्हणजे वाळल्या किलोला साधारण १४२ रुपये. आकडा कसा काढला हे दिसलं की बँकेवाला प्रश्न विचारत नाही.

बॉयलर आणि हजेरी दुसऱ्या पानावर, एकेका ओळीत. 'हजेरी समाधानकारक' म्हणू नका, आकडा द्या किंवा विषय गाळा. समाधान कोणाचं झालं ते कागदावर कळत नाही.

नारळीपुनव

खाडीपलीकडे, मांडणी पटली. पण 'महोदय', 'सविनय' सगळंच उडवलंत? मी पंचायत समितीत लिपिक होते. वरिष्ठांना कागद द्यायची एक रीत असते. उद्या कमिटीच्या अध्यक्षबाई म्हणायच्या, हिला लिहायची पद्धत नाही.

खाडीपलीकडे

नारळीपुनव ताई, रीत राहू दे की. वेगळं पत्र जोडा, तीन ओळींचं. 'महोदय, फेब्रुवारी ते मे हंगामाचा अहवाल सोबत सादर आहे. परिच्छेद १ मधील गोदामाच्या विषयावर ७ जूनपूर्वी निर्णय अपेक्षित आहे. आपली विश्वासू.' मान पत्रात, माहिती अहवालात. दोन्ही एकाच कागदात कोंबली की दोघांचीही वाट लागते.

नारळीपुनव

हे बरं आहे.

चार्टर्ड चाकरमानी

गाव मालवण, ऑफिस फोर्टला, म्हणून हे नाव. धागा आवडला, दोन भर घालतो.

एक, काळ. काजूचा हंगाम फेब्रुवारी ते मे, आंब्याचंही साधारण तसंच. मधेच ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपतं. माझ्याकडे कोकणातले जेवढे छोटे व्यावसायिक येतात, त्यातल्या बहुतेकांचा घोळ इथेच असतो. हंगामाचा अहवाल आणि ताळेबंद यांचे आकडे जुळत नाहीत, मग बँक दोन्ही कागद समोर ठेवून विचारते की खरं कुठलं. दोन्ही खरे असतात, काळ वेगळा असतो. म्हणून शीर्षकात नुसतं वर्ष लिहू नका, तारीख ते तारीख लिहा. शिवाय दुसऱ्या पानावर एक ओळ हवीच: ३१ मार्च रोजी हातात बी किती आणि गर किती. ती ओळ असली की हंगाम आणि ताळेबंद यांची सांगड कोणालाही घालता येते.

दोन, एकक. ओली बी की वाळलेली, हे प्रत्येक आकड्याशेजारी दिसलं पाहिजे. खाडीपलीकडेंनी तक्त्यात ते बरोबर केलंय. पण '४,००० किलो गर' एवढ्यावर थांबू नका. चार किलो बीला एक किलो गर, म्हणजे २५ टक्के उतारा. हा सर्वसाधारण आकडा आहे, त्यामुळे तो लिहिला की युनिट नीट चाललंय हे आपोआप कळतं. खरा पैसा मात्र अख्खा किती, पाकळी किती, तुकडा किती यात आहे. अख्ख्यातही डब्ल्यू २४० आणि डब्ल्यू ३२० चे भाव वेगळे. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: तो आकडा म्हणजे एका पौंडात साधारण किती गर बसतात ते. आकडा लहान तेवढा गर मोठा.) ही प्रतवारी चार-पाच ओळींच्या तक्त्यात दुसऱ्या पानावर द्या.

आणि 'डबा' हे एकक वापरणार असाल तर किती किलोचा ते लिहा. निर्यातीचा जुना टिन ११.३४ किलोचा असतो, कारण तो २५ पौंडांचा. स्थानिक पॅकिंग १० किलोचं. मागे एका ठिकाणी खरेदीदाराच्या ऑर्डरमधले डबे आणि युनिटच्या अहवालातले डबे वेगळे निघाले. त्यावर जी फोनाफोनी झाली ती इथे लिहिण्यासारखी नाही.

बंदर_रोड

एककाबद्दल +१००. आमच्याकडे देवगडात आंब्याच्या पेटीचं हेच रडगाणं. पेटी चार डझनाची, पाच डझनाची, सहा डझनाची. अहवालात '३०० पेट्या वाशीला पाठवल्या' असं लिहिलं तर वाचणाऱ्याने काय समजायचं?

काळाचंही तसंच. मच्छीमार सोसायटीत आमचं वर्ष ऑगस्टला सुरू होतं, कारण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. तरी जून-जुलैचे मासिक अहवाल मागतात, आणि कारकून इमाने इतबारे 'उत्पादन: निरंक' असं अख्खं पान भरून देतो. त्यापेक्षा त्या दोन महिन्यांत बोटदुरुस्ती आणि जाळ्यांच्या खर्चाचा अहवाल द्यावा, पण ऐकतंय कोण.

(अवांतर झालं, क्षमस्व.)

झेरॉक्सवाला

आता माझी पाळी. सावंतवाडीत टायपिंग-प्रिंटिंगचं दुकान आहे. रोज लोक पेनड्राइव्ह घेऊन येतात आणि 'तुमच्याकडे नीट का दिसत नाही' म्हणून भांडतात.

फॉन्ट: युनिकोडच हवा. श्रीलिपी, कृतीदेव असल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाईल दुसऱ्या मशीनवर उघडली की इंग्रजी अक्षरांचा भाजीपाला दिसतो, शिवाय त्यात शोधता काही येत नाही. युनिकोडमध्ये सगळ्यात निर्धोक 'निर्मला यूआय', विंडोज ८ पासून सगळीकडे आहे. बऱ्याच जणांना वाटतं 'मंगल' कायमचा असतोच. विंडोज १० पासून तो आणि कोकिळा, अपराजिता, उत्साह हे ऐच्छिक झालेत, नव्या मशीनवर असतीलच असं नाही. कोकिळा घेतलात तर १२ ला मुंगीएवढा दिसतो, १६ तरी लागतो. निर्मलाला ११ किंवा १२ पुरे.

वर्डमध्ये एक गंमत आहे. मराठी मजकुराचा फॉन्ट आणि आकार बदलायचा तर फॉन्टच्या खिडकीत 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' असा वेगळा रकाना असतो. तिथे बदला. वरच्या पट्टीवरून बदलल्यावर कधी कधी फक्त इंग्रजी मजकूर बदलतो आणि मराठी ढिम्म.

ओळींमधलं अंतर 'एक्झॅक्टली' ठेवू नका. वेलांटी, रफार, अनुस्वार वरून कापले जातात. 'मल्टिपल' घेऊन १.१५ च्या आसपास ठेवा.

कागद ए४. लीगलवर सेट केलेली फाईल ए४ वर काढली की एकतर अक्षर बारीक होतं नाहीतर खालचा भाग जातो, आणि खालच्या भागातच सही असते. डावा समास दीड इंच, बाकी एक इंच. डावीकडे पंच मारून फाईलला लावायचं असतं, तेव्हा मजकुरात भोक पडू नये.

शेवटचं, दुकानात येताना पीडीएफ आणा. व्हॉट्सॲपवर कमिटीला पाठवायचीही पीडीएफच. वर्डची फाईल प्रत्येकीच्या मोबाईलवर वेगळी दिसेल आणि तुमचा तक्ता मधेच फुटून दुसऱ्या पानावर जाईल.

कुडाळकरीण

झेरॉक्सवाला दादा, कॉम्प्लेक्स स्क्रिप्टचं कळल्यावर हात जोडले. मथळे गेला आठवडाभर मोठे होत नव्हते.

अंकांचं काय करू?

चार्टर्ड चाकरमानी

कमिटीसाठी मराठी, बँकेसाठी इंग्रजी. एका कागदात दोन्ही नकोत, एवढंच पाळा. अपवाद जीएसटी नंबर, आयएफएससी कोड आणि बिल नंबर. ते मूळ कागदावर जसे आहेत तसेच. आणि तक्त्यातले आकडे उजवीकडे जुळवून घ्या, डावीकडे किंवा मधोमध नको. एककं-दहकं एकाखाली एक आली की चूक डोळ्यांना दिसते. स्वल्पविराम आपल्या पद्धतीने, लाख-कोटीचे. संगणकाच्या रीजन सेटिंगमध्ये भारत निवडलं की एक्सेल स्वतःच तसे देतं.

तारखेत महिना अक्षरात. '५/६' हे कोणाला ५ जून वाटेल, कोणाला ६ मे.

पाणचक्की

उशिरा आले. सगळं वाचलं. मला एक कळत नाहीये.

खाडीपलीकडेंच्या तक्त्यानुसार चार महिन्यांत १६,००० किलो प्रक्रिया झाली, म्हणजे महिन्याला ४,०००. शेडमध्ये जादा आहे ८,००० किलो. शेडमधलीच पोती आधी फोडली तर जुलैअखेर शेड मोकळी. मग भाडं सहा महिन्यांचं कशाला? दोन महिन्यांचे ३६,००० पुरे ना?

सड्यावरचा

आता कशी मजा इली!

खाडीपलीकडे

पाणचक्की, बरोबर पकडलंत. मूळ परिच्छेदात हे आकडे चार ओळींत विखुरलेले होते, तिथे हा प्रश्न कोणाला पडला नसता. ताई, तुम्हीच सांगा.

कुडाळकरीण

दोन महिन्यांत नाही होणार हो. पावसात वीज सारखी जाते, बॉयलरला घालायची टरफलं ओली होतात, उन्हाची वाळवण बंद आणि ड्रायर एकच. शिवाय लावणीला बायका आपापल्या शेतात जातात. पावसाळ्यात काम खाली येतं हे आम्हाला सगळ्यांना माहीत आहे, म्हणून लिहिलं नाही.

पाणचक्की

मग तेच लिहायचं राहिलंय की. नवीन सभासदांना आणि बँकेच्या साहेबांना ते माहीत नाही. गेल्या पावसाळ्यात महिन्याला किती किलो फोडली ते बॉयलरच्या वहीत सापडेल ना?

कुडाळकरीण

वही बघितली. गेल्या वर्षी जून ते सप्टेंबर सरासरी महिन्याला २,५०० किलोच्या आसपास.

पाणचक्की

८,००० भागिले २,५००, म्हणजे तीन महिन्यांहून थोडं जास्त. चार महिने धरा. १८,००० ने ७२,०००. आता शिफारस एकच नको, पर्यायांचा तक्ता करा आणि तुमचं मत कुठल्या पर्यायाला ते खाली एका ओळीत. कमिटी पुढच्या दहा मिनिटांत निर्णय घेईल.

| मुदत | भाडं (रु.) | कधी पुरेल |
| २ महिने | ३६,००० | महिन्याला ४,००० किलो काम झालं तरच |
| ४ महिने | ७२,००० | गेल्या पावसाळ्याच्या वेगाने |
| ६ महिने | १,०८,००० | वेग २,००० च्याही खाली गेला तरी |

बंदर_रोड

हा तक्ता पहिल्या पानावर हवा. शिल्लक बीचा तक्ता त्याच्या वर. दोन्ही मिळून पान भरलं तरी चालेल, प्रतवारी आणि बाकीचं मागे.

नारळीपुनव

आलेख काढायचा का? माझा भाचा म्हणतो गोल आलेख छान दिसतो.

झेरॉक्सवाला

पाच आकड्यांना आलेख कशाला? आणि गोल आलेख काळ्या-पांढऱ्या प्रिंटमध्ये सगळा करडा येतो, मग गिऱ्हाईक मला विचारतं की अख्खा कुठला आणि तुकडा कुठला. रंगीत मथळे, पानाला चौकट, मागे काजूचा फिकट फोटो हे सगळं नको. मथळा ठळक आणि मजकुरापेक्षा दोन आकड्यांनी मोठा, बस. खाली 'पान १ पैकी २' नाही, 'पान १ / एकूण २' असं टाका. एक पान गहाळ झालं तर कळतं.

सड्यावरचा

आमच्या बँकेचो साहेब पयला पान बघता, मगे थेट सही खंय आसा ता बघता. मधला कोण वाचता?

खाडीपलीकडे

मी वाचायचो! पण तुमचं म्हणणं अगदीच खोटं नाही. म्हणून तर महत्त्वाचं पहिल्या पानावर. सही, नाव, हुद्दा आणि तारीख मात्र शेवटी हवंच. सही नसलेला अहवाल फाईलला लागतो, पण त्याला कोणी जबाबदार धरत नाही.

चार्टर्ड चाकरमानी

एक सावधगिरी. हा अहवाल कमिटीचा आहे. उद्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेसारख्या अनुदान योजनेत अर्ज केलात, तर तिथला प्रकल्प अहवाल वेगळा असतो आणि त्यांच्या नमुन्यातच भरायचा. तिथे आपली मांडणी चालवू नका, रकाना रिकामा राहिला तरी 'लागू नाही' लिहा. कमिटीचे जुने अहवाल मात्र नीट ठेवा. त्या नमुन्यातले निम्मे आकडे तुम्हाला त्यातूनच उचलायचे असतात.

कुडाळकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. गोदामाच्या मालकाशी बोलले. चार महिन्यांना तयार आहे, पण महिना १९,००० म्हणतो. म्हणजे ७६,०००. तक्त्यात तशी दुरुस्ती केली आणि शिफारस चार महिन्यांची लिहिली. ३१ मार्चच्या साठ्याची ओळही टाकली.

आता एकच राहिलं. बॉयलरची दुरुस्ती दुसऱ्या पानावर एका ओळीत टाकली, पण अध्यक्षबाई म्हणतात खर्च मोठा झालाय, बिल दाखवा. बिल अहवालातच चिकटवू का?

खाडीपलीकडे

नाही. त्या ओळीपुढे कंसात 'जोडपत्र १' लिहा आणि बिलाची छायाप्रत मागे जोडा, तिच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात पेनने 'जोडपत्र १'. जोडपत्रं दोन पानांत मोजत नाहीत. मूळ बिल फाईलमध्येच ठेवा, कोणाच्या हातात देऊ नका.

झेरॉक्सवाला

आणि बिल थर्मल कागदावरचं असेल तर आजच झेरॉक्स काढा. पावसाळा संपेस्तोवर त्यावर काही उरत नाही.